साष्टीची रात्र आणि डोळ्यांतील प्रकाशपेशी

सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या चेतापेशी तीन प्रकारच्या असतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात आणि शंकुपेशी भर उजेडातले रंग व बारकावे दाखवतात. या दोन्ही पेशी दृष्टिपटलाच्या सर्वांत बाहेरच्या थरात असतात. तिसऱ्या प्रकारच्या पेशी आतल्या बाजूला, मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गुच्छिका पेशींच्या थरात विखुरलेल्या असतात. माणसाच्या एका डोळ्यात गुच्छिका पेशी दहा लाखांच्या आसपास असतात, पण त्यांतल्या जेमतेम काही हजार स्वतः प्रकाश ओळखू शकतात. त्यांच्यात ओपीएन-४ हे जनुक चालू असते आणि त्यापासून मेलॅनॉप्सिन नावाचे प्रथिन बनते. वस्तूचे चित्र उमटवणे हे त्यांचे मुख्य काम नाही. बाहेर उजेड किती आहे आणि तो किती वेळ टिकला, हे त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. झोप, जाग, शरीराचे तापमान आणि संप्रेरकांची रोजची भरती-ओहोटी या निरोपावर बेतलेली असते.

या पेशींची ओळख पटली ती १९९८ ते २००२ या चार वर्षांत. त्याआधीच जगातल्या अनेक शहरांची रात्र उजळून गेली होती. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात, हा बदल शंभर वर्षांच्या आत घडला. त्यामुळे या भागातल्या रात्रीच्या उजेडाचा आणि रातपाळीचा इतिहास डोळ्यांतल्या या पेशींच्या अंगाने पाहिला, की त्याचा नीट उलगडा होतो.

दिवेलागणीपर्यंतचा दिवस

आजची उपनगरे ज्या बेटावर वसली ते साष्टी बेट. पोर्तुगीज, मराठे आणि १७७४ पासून इंग्रज अशा सत्ता तिथे बदलल्या, पण गावांचा दिनक्रम फारसा बदलला नाही. भातशेती करणारे आगरी व कुणबी, मिठागरांवर राबणारे मजूर, माडी काढणारे भंडारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकरी आणि डोंगरातल्या पाड्यांवरचे वारली यांचा दिवस उजाडताना सुरू होई आणि दिवेलागणीला आटोपत येई. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई इथल्या कोळ्यांचे वेळापत्रक तेवढे वेगळे होते. त्यांना भरती-ओहोटी पाहावी लागे, उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांवर होड्यांची वेळ ठरे आणि कित्येकदा मध्यरात्रीनंतर समुद्रावर जावे लागे. पण तिथेही उजेड होता तो चांदण्याचा आणि कंदिलाचा.

हा उजेड किती होता, हे आकड्यांत सांगता येते. मेणबत्तीएवढ्या ज्योतीपासून एक मीटर अंतरावर सुमारे १ लक्स प्रकाश पडतो. निरभ्र आकाशातली पौर्णिमा जास्तीत जास्त ०.३ लक्सपर्यंत जाते. भर दुपारचे ऊन १ लाख लक्सच्या घरात असते, आणि पावसाळी ढगांनी आकाश भरले तरी उघड्यावर हजारो लक्स उरतात. कोकणपट्टीत उंडीचे, करंजाचे किंवा खोबऱ्याचे तेल घालून लावलेली पणती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला रॉकेलचा कंदील, यांचा उजेड पिवळा-तांबूस असे आणि त्यात निळा भाग अगदी थोडा असे. मेलॅनॉप्सिन सर्वांत जास्त प्रतिसाद देते ते सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळ्या प्रकाशाला. स्वच्छ आकाशाच्या उजेडात हा भाग भरपूर असतो. म्हणजे पणतीच्या उजेडात घरातली कामे होत, पण या पेशींच्या दृष्टीने रात्र झालेलीच असे.

मुंबईचे अक्षांश साधारण १९ अंश उत्तर. इथला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. उजेड-अंधाराची ही जवळजवळ समान वाटणी बाराही महिने टिकते. साष्टीतल्या माणसांचे शरीर पिढ्यान्‌पिढ्या या लयीत चालत आले होते.

सूर्यास्ताची मागणी

ही लय प्रथम मोडली ती शहरात. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले आणि १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळले. कापड गिरण्यांत तेव्हा काम दिवसाच्या उजेडावर चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून पाळी मोठी आणि हिवाळ्यात लहान, असा प्रकार होता. ठाण्यात जन्मलेले आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी जे निवेदन गेले, त्यात रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती यांबरोबर आणखी एक मागणी होती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे, असे कामगारांचे म्हणणे होते. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. सूर्यास्ताची मर्यादा मात्र गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर उलट आणखी दूर गेली. १९०५ च्या सुमारास अनेक गिरण्यांत दिव्यांच्या उजेडात काम चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबले. कामगारांनी त्याविरुद्ध संप केले, सरकारने चौकशी समित्या नेमल्या आणि १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा घातली.

याच काळात घड्याळावरूनही वाद पेटला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे, तर मुंबई ७३ अंशांच्या थोडी अलीकडे आहे. त्यामुळे सूर्याप्रमाणे चालणारी मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे राहते. नव्या वेळेप्रमाणे भोंगा वाजू लागला, तेव्हा कामगारांना सूर्याच्या हिशेबाने तेवढे लवकर उठावे लागले, आणि जानेवारी १९०६ मध्ये गिरणी कामगारांनी त्याला उघड विरोध केला. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली. आजही मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नाही, तर सरासरी बारा एकोणचाळीसला. घड्याळाची वेळ सरकार ठरवू शकते, पण दृष्टिपटलातल्या पेशींना फक्त सूर्याची वेळ कळते. १९०६ च्या कामगारांची तक्रार शरीरशास्त्राच्या दृष्टीने रास्त होती.

लोकल, वीज आणि वस्ती

साष्टीतून आगगाडी १८५३ मध्येच धावली होती. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी घाटकोपर, भांडूप, मुलुंडच्या शिवारांतून गेली. पश्चिमेकडच्या मार्गावर विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी १८६७ मध्ये सुरू झाली. पण या गावांची रात्र बदलली ती विसाव्या शतकात. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा तयार झाला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली आणि ५ जानेवारी १९२८ पासून पश्चिम मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेच्या लोकल सुरू झाल्या. १ ऑक्टोबर १९२९ रोजी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. बीएसईएस या नावाने ती पुढे घराघरांत पोचली. तिचा कारभार २००३ मध्ये रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेला. मुलुंड आणि भांडूपमध्ये मात्र वीज मंडळाची, म्हणजे आजच्या महावितरणची वीज आहे.

विजेबरोबर रात्रीचे धंदेही आले. आवाजाचे मुद्रण करायला शांत जागा हवी म्हणून बोलपटांचे स्टुडिओ शहराबाहेर सरकले. मालाडला १९३४ मध्ये बॉम्बे टॉकीज आणि गोरेगावला १९४३ मध्ये फिल्मिस्तान उभे राहिले, अंधेरीतही स्टुडिओ आले, आणि प्रखर दिव्यांखाली रात्रभर काम करणारा एक मोठा कामगारवर्ग या पट्ट्यात तयार झाला. आरे दुग्धवसाहत १९४९ मध्ये वसली. पहाटेचे दूध शहरात वेळेवर पोचायचे, तर धारा काढायला मध्यरात्रीनंतरच उठावे लागे. स्वातंत्र्यानंतर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा औषधे, टायर आणि यंत्रांचे कारखाने उभे राहिले. पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी हे शब्द इथल्या चाळींत आणि वसाहतींत रोजच्या बोलण्यात रुजले. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडूपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली, तसे रस्त्यांवरचे दिवे आणि पालिकेची रुग्णालयेही वाढली. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, बोरिवलीचे भगवती अशा रुग्णालयांत परिचारिका, आया आणि वॉर्डबॉय पाळीपाळीने रात्री जागत आले आहेत.

पुढचा मोठा बदल अंधेरीत झाला. १९७३ मध्ये तिथे सीप्झ हे निर्यात क्षेत्र स्थापन झाले आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू व दागिने घडवणारे हजारो हात तिथे कामाला लागले. २००० च्या आसपास दूरसंचार स्वस्त झाल्यावर अंधेरी, मालाड, पवई इथे कॉल सेंटरे निघाली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ भारतीय वेळेपेक्षा साडेनऊ ते साडेदहा तास मागे आहे. तिथले कार्यालय उघडे असते तेव्हा इथे रात्र असते. म्हणून या कामाची दिवसपाळी असूच शकत नव्हती. गिरणीतला कामगार आठवड्याने किंवा पंधरवड्याने पाळी बदलून दिवसात परतत असे. कॉल सेंटरमधली तरुण मुले-मुली मात्र महिनोन्‌महिने रात्रीच काम करत राहिली. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने आस्थापनांना चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली, त्यामुळे रातपाळी आणखी पसरली.

आंधळ्या उंदरांची साक्ष

रातपाळीने शरीर बिघडते, हे कामगारांना अनुभवाने ठाऊक होते. डोळ्यांतून मेंदूपर्यंत नेमके काय पोचते, हे शास्त्राला उमगायला मात्र फार वेळ लागला.

पहिला धागा १९२० च्या दशकातला आहे. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या क्लाइड कीलर यांना दंडपेशी नसलेले उंदीर आढळले. असे उंदीर आंधळे असूनही उजेड पडला की त्यांच्या डोळ्यांची बाहुली आकसत होती. कीलर यांनी हे निरीक्षण १९२७ मध्ये छापले, पण पुढची कित्येक दशके त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९७२ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. दृष्टिपटलातून थेट मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे जाणारा चेतामार्ग सापडला, आणि तो जिथे संपतो तो सुप्राकायॲझ्मॅटिक केंद्रक नावाचा पेशींचा बारीक पुंजका काढून टाकला तर प्राण्यांची रोजची लय नाहीशी होते, हे दिसले. शरीराचे मुख्य घड्याळ हेच होते. उंदरात त्यात सुमारे वीस हजार चेतापेशी असतात.

भारतात याच दशकात एम. के. चंद्रशेखरन यांनी मदुराई कामराज विद्यापीठात वटवाघळांवर काम सुरू केले. मदुराईजवळच्या गुहांत पूर्ण अंधारात राहणारी वटवाघळे संध्याकाळी बाहेर पडायची वेळ कशी ओळखतात, हा त्यांचा प्रश्न होता. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांतूनही वटवाघळे अशीच दर संध्याकाळी बाहेर पडतात. सस्तन प्राण्यांचे शरीरघड्याळ उजेडाशी कसे जुळते, हा विषय भारतीय जीवशास्त्रात या अभ्यासाने रुजला.

१९९१ मध्ये रसेल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंडपेशी झडून गेलेले उंदीर घेतले. त्यांच्या शरीरघड्याळाची वेळ प्रकाशाने पूर्वीसारखीच पुढेमागे होत होती. १९९९ मध्ये याच संशोधकांनी दंडपेशी आणि शंकुपेशी या दोन्ही नसलेल्या उंदरांवरही तेच दाखवले. डोळे काढून टाकले तर मात्र परिणाम थांबत होता. म्हणजे डोळ्यातच तिसरे काहीतरी प्रकाश ओळखत होते. १९९५ मध्ये माणसांवरही असाच पुरावा पुढे आला होता. पूर्ण अंध असलेल्या काही व्यक्तींच्या डोळ्यांवर रात्री उजेड पाडला, तर त्यांच्या रक्तातले मेलॅटोनिन हे रात्रीचे संप्रेरक घटत होते.

ते तिसरे काहीतरी मिळाले ते अनपेक्षित जागी. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांना १९९८ मध्ये आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींमध्ये नवे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडले. रंगपेशींवरून त्याला मेलॅनॉप्सिन हे नाव पडले. २००० मध्ये त्यांनी उंदीर आणि माणूस यांच्यात या प्रथिनाचे जनुक शोधले. माणसात ते दहाव्या गुणसूत्रावर आहे आणि डोळ्यात ते दृष्टिपटलाच्या आतल्या थरातल्या मोजक्याच पेशींमध्ये चालू असते. २००२ मध्ये ब्राउन विद्यापीठात डेव्हिड बर्सन यांनी उंदरातल्या, मेंदूच्या घड्याळाकडे जाणाऱ्या गुच्छिका पेशी निवडल्या. इतर सर्व पेशींकडून येणारे संदेश त्यांनी औषधांनी थांबवले. तरीही उजेड पडताच त्या पेशी विद्युत संदेश देत राहिल्या. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्समध्ये समेर हत्तार आणि किंग-वाय याऊ यांनी दाखवले, की याच पेशींमध्ये मेलॅनॉप्सिन असते. मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा हे मेलॅनॉप्सिन नसलेल्या उंदरांवरच्या निर्णायक प्रयोगांत होते. २००३ पर्यंत त्यांच्यासह दोन गटांनी सिद्ध केले, की मेलॅनॉप्सिन, दंडपेशी आणि शंकुपेशी ही तिन्ही गेली की घड्याळाला उजेडाची खबरच उरत नाही. २००५ मध्ये तीन प्रयोगशाळांनी हे जनुक एरवी प्रकाश न ओळखणाऱ्या पेशींत घातले आणि त्या पेशी प्रकाशाला प्रतिसाद देऊ लागल्या. मेलॅनॉप्सिन खरोखरच प्रकाश टिपते, यावर तिथे शिक्कामोर्तब झाले.

जनुके चालू होतात तेव्हा

शरीरातल्या प्रत्येक पेशीत जवळजवळ तीच जनुके असतात. कोणती पेशी काय होणार, हे त्यांतली कोणती जनुके वाचली जातात यावर ठरते. जनुक वाचून संदेशवाहक आरएनए आणि त्यापासून प्रथिन बनणे, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. गर्भाच्या डोळ्यात ॲटोह-७ हे जनुक चालू झाले की एखादी पेशी गुच्छिका पेशी होण्याच्या वाटेला लागते. मग बीआरएन-३बी आणि आयएसएल-१ ही जनुके तिला पुढे घडवतात. त्यांपैकी ज्या पेशींत टीबीआर-२ टिकून राहते, त्यांच्यातून मेलॅनॉप्सिनवाल्या पेशी तयार होतात. उंदराच्या पिल्लात या पेशी जन्मतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, त्याच्या दंडपेशी व शंकुपेशी कामाला लागण्याच्या कितीतरी दिवस आधी. म्हणजे पिल्लाला जग दिसू लागण्यापूर्वी उजेड-अंधार कळू लागतो.

पेशींची कामे वाटली जातात तीही जनुकांमुळेच. मेलॅनॉप्सिनवाल्या पेशींचे एम-१ ते एम-६ असे प्रकार ओळखले गेले आहेत. एम-१ मध्ये हे प्रथिन सर्वांत जास्त असते. पण त्यातही दोन गट आहेत. उंदरात ज्या सुमारे दोनशे एम-१ पेशींत बीआरएन-३बी बंद असते, त्या मुख्यतः मेंदूच्या घड्याळाकडे जातात. ज्यांत ते चालू असते, त्या बाहुली आकसण्याच्या केंद्राकडे जातात. २०११ मध्ये संशोधकांनी दुसऱ्या गटातल्या पेशी नष्ट केल्या, तेव्हा बाहुलीचे आकसणे जवळजवळ थांबले, पण घड्याळ पूर्वीसारखेच उजेडाशी जुळत राहिले.

एकेका पेशीतला आरएनए वेगळा वाचण्याचे तंत्र आल्यावर चित्र आणखी स्पष्ट झाले. २०१५ मध्ये उंदराच्या दृष्टिपटलातल्या सुमारे ४५ हजार पेशी अशा वाचून त्यांचे ३९ गट पाडले गेले. २०१९ मध्ये एकट्या गुच्छिका पेशींचेच चाळीसहून अधिक प्रकार निघाले. दृक्-चेतेला इजा झाल्यावर बहुतेक गुच्छिका पेशी मरतात, पण मेलॅनॉप्सिनवाल्या पेशी जास्त चिवट ठरल्या. दृक्-चेता खराब करणाऱ्या लेबर नावाच्या आनुवंशिक आजारातही त्या तुलनेने टिकून राहतात, हे माणसांतही दिसले आहे.

मेलॅनॉप्सिनचे जनुक स्वतःही उजेडाप्रमाणे कमीजास्त वाचले जाते. उंदरांवरच्या प्रयोगांत सतत उजेडात ठेवल्यावर दृष्टिपटलातले मेलॅनॉप्सिन घटले आणि दीर्घ अंधारात ते वाढले. ज्या पेशी उजेड मोजतात, त्या सभोवतालच्या उजेडाप्रमाणे आपले मोजमापही बदलतात.

अंधेरीतल्या एखाद्या कार्यालयात रात्री दोन वाजता छतावरच्या पांढऱ्या दिव्यांखाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यात काय घडते, हे आता पायरीपायरीने सांगता येते. दिव्यातला निळा प्रकाश मेलॅनॉप्सिनला जोडलेल्या रेटिनाल या अ जीवनसत्त्वाच्या रेणूचा आकार बदलतो. त्यामुळे मेलॅनॉप्सिन पेशीतल्या जीक्यू प्रथिनाला जागे करते. ही साखळी माश्यांच्या डोळ्यांतल्या साखळीशी मिळतीजुळती आहे, दंडपेशींतल्या साखळीपेक्षा वेगळी. पेशीच्या पडद्यातले टीआरपीसी नावाचे दरवाजे उघडतात, पेशी उत्तेजित होते आणि उजेड असेपर्यंत उत्तेजित राहते. तिची टोके मेंदूतल्या घड्याळात ग्लुटामेट आणि पीएसीएपी ही रसायने सोडतात. तिथल्या पेशींत कॅल्शियम वाढते आणि पर-१, पर-२ ही जनुके अवेळी वाचली जाऊ लागतात. एरवी ही जनुके क्लॉक आणि बीमल-१ या प्रथिनांमुळे ठरावीक वेळी चालू होतात आणि स्वतःच्याच प्रथिनांनी बंद पडतात. त्यांचे हे चक्र सुमारे २४ तासांचे असते. या चक्राच्या यंत्रणेचा माशीवर शोध लावणाऱ्या तिघांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. रात्री दोनच्या उजेडाने हे चक्र सरकते, पिनिअल ग्रंथीतून येणारे मेलॅटोनिन घटते, आणि सकाळी घरी जाताना डोळ्यांवर पडणारे ऊन त्यात आणखी गोंधळ घालते.

दंडपेशी आणि शंकुपेशीही आपले संदेश याच पेशींमार्फत घड्याळाकडे पाठवतात, म्हणून मंद उजेडही निरुपद्रवी राहत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी २५ लक्सच्या आसपासचा उजेड मेलॅटोनिन निम्म्यावर आणायला पुरला. काहींना ६ लक्स पुरले, तर काहींना ३५० लक्स लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये रातपाळीला माणसात बहुधा कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात घातले आणि २०१९ च्या फेरविचारातही तोच निष्कर्ष कायम ठेवला.

पांढरे दिवे आणि उद्यानाची कड

उपनगरांच्या रस्त्यांवर कित्येक दशके सोडियमचे पिवळे दिवे होते. त्यांच्या उजेडात निळा भाग कमी असे. २०१५ मध्ये देशभर एलईडी पथदिव्यांची योजना सुरू झाली. पांढऱ्या एलईडीचा गाभा सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणारा असतो आणि वरचा लेप त्यातला काही भाग पिवळा करतो. या निळ्या दिव्यासाठीच २०१४ चे भौतिकीचे नोबेल दिले गेले होते. एलईडीने वीज वाचते, ही मोठी जमेची बाजू आहे. पण थंड पांढऱ्या दिव्याचा उजेड मेलॅनॉप्सिनला सोडियमच्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. मरीन ड्राइव्हवर पिवळे दिवे जाऊन पांढरे आले तेव्हा २०१५ मध्ये बराच वाद झाला, तो मुख्यतः सौंदर्यावरून. आरोग्याचा मुद्दा त्यात मागे राहिला.

बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले बिबटे, वटवाघळे, ससे, हरणे यांच्या दृष्टिपटलांतही मेलॅनॉप्सिनवाल्या पेशी आहेत. आजवर तपासलेल्या सस्तन प्राण्यांत त्या सर्वत्र मिळाल्या. त्वचेखाली डोळे झाकलेल्या, जमिनीत राहणाऱ्या आंधळ्या मोल उंदरातही त्या काम करतात. उद्यानाच्या कडेला आता उंच इमारती, जाहिरातींचे फलक आणि रस्त्यांचे दिवे आहेत, आणि आतल्या काही पाड्यांवर वीज फार उशिरा पोचली. एकाच जंगलाच्या दोन बाजूंना अशा दोन वेगळ्या रात्री आहेत.

आवाजाच्या प्रदूषणासाठी देशात २००० चे नियम आहेत. रात्रीच्या उजेडासाठी तसे देशव्यापी नियम नाहीत. मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र आता उरलेला नाही. मेलॅनॉप्सिनच्या हिशेबाने उजेड मोजण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २०१८ मध्ये ठरले. त्यावर आधारून २०२२ मध्ये तज्ज्ञांनी सुचवले, की डोळ्यांपाशी पडणारा उजेड या मापाने दिवसा किमान २५० लक्स असावा, झोपण्याआधीचे तीन तास १० लक्सच्या आत आणि झोपेत १ लक्सच्या आत राहावा.

उपनगरांत या सूचना अमलात आणणे अवघड नाही. खिडक्यांवर उजेड फेकणारे पथदिवे खाली वळवून झाकता येतात आणि ते उबदार पिवळ्या छटेचे बसवता येतात. उद्यानाच्या कडेचे फलक मध्यरात्रीनंतर बंद ठेवता येतात. रातपाळी नेमणाऱ्या आस्थापनांना सलग पाळ्यांवर मर्यादा, नियमित आरोग्य तपासणी आणि अंधाऱ्या विश्रांतीखोल्या बंधनकारक करता येतात. लोखंडे यांच्या सोबत्यांनी १८८४ मध्ये सूर्यास्त मागितला, तेव्हा त्यांच्याकडे फक्त थकलेल्या शरीराचा पुरावा होता. आज त्या मागणीमागचे जनुक, पेशी आणि मार्ग माहीत आहेत. महापालिकेने, वीज कंपन्यांनी आणि रातपाळी चालवणाऱ्यांनी रात्रीच्या उजेडाचे नियम करायला आता आणखी वाट पाहू नये.